बाळंतिणीचे पोट : काल आणि आज

यंदाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने आपल्या घरातील एखाद्या जुन्या चालीचा इतिहास लिहावा असे ठरले, तेव्हा कोणी भोंडला घेतला, कोणी चैत्रगौर घेतली. मी बाळंतिणीचे पोट घेतले. बैठकीत हशा पिकला. पण हसणाऱ्यांपैकीच तिघींनी मागाहून मला जिन्यात गाठले आणि हळूच विचारले, "खरंच, ते उतरतं कसं हो?" म्हणून हा लेख लिहीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा भाषेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे.

माझी आजी, म्हणजे आईची आई, औंधची. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना सूर्यनमस्कारांचे मोठे वेड. संस्थानातल्या शाळांतून मुलामुलींना नमस्कार घालावे लागत. आजी शाळेत गेली दोनच वर्षे, पण नमस्कार घालायला तिथे शिकली. पुढे तिची सात बाळंतपणे झाली, त्यांतले पहिले १९४६ साली. एवढी नमस्कार घालणारी मुलगी, पण बाळंतीण झाली की सव्वा महिना तिचे अंग तिचे राहत नसे, ते सुईणीचे होई. अंधारी खोली, बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा, बाळंतशोपा आणि वावडिंग यांची धुरी. अंगाला तेल, कढत पाण्याने न्हाणे, आणि न्हाऊन आली की पोटपट्टा. जुन्या धुवट लुगड्याची लांब पट्टी फाडायची, एक टोक सुईणीने धरायचे आणि दुसरे कमरेशी धरून बाळंतिणीने स्वतःभोवती फिरत फिरत सुईणीपर्यंत यायचे. माझ्या पहिल्या खेपेला, २००१ साली, आजीने मला असेच फिरविले. वर बजावले, "पोरी, प्वाट घट बांध, न्हाय तर वारं शिरंल."

हे वाऱ्याचे म्हणणे मला तेव्हा खुळेपणाचे वाटले. पुढे मंडळात एका वैद्यबाईंचे व्याख्यान झाले, तेव्हा कळले की आजी जे बोलली ते चरकसंहितेत आहे. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे की बाळंतिणीला सोसेल तसे तूप किंवा तेल प्यायला द्यावे, पोटाला तूप-तेल चोळावे आणि मोठ्या स्वच्छ वस्त्राने पोट गुंडाळावे, म्हणजे वायूला आत जागा सापडत नाही व तो बिघाड करीत नाही. माझ्या आजीने चरकाचे नावही ऐकले नव्हते. बायकांच्या तोंडातोंडी ते औंधच्या माजघरापर्यंत येऊन पोहोचले!

पण त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट आहे आणि ती मात्र वाटेत कुठे तरी सांडली. चरक म्हणतात की पाच किंवा सात रात्री पातळ पेज द्यावी आणि मग हळूहळू अंग भरून आणावे. आपल्याकडे तिसऱ्या दिवसापासून लाडवांचा डबा उशाशी येतो. शिवाय पोट बांधणे सांगितले ते वायूसाठी, बारीक कंबरेसाठी नव्हे. कंबरेची काळजी पुष्कळ अलीकडची आहे.

अशा जुन्या चालींचा पहिला नीट अभ्यास आपल्यातल्या ज्या बाईने केला तिचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण हा अभ्यास फारसा ठाऊक नसतो. कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हानियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. तिथे पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. परदेशात बसून त्यांनी आपल्या जुन्या ग्रंथांतले बाळंतपण लिहून काढले. स्वतः चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या होत्या आणि मूल दहा दिवसांत गेले होते. ज्या बाईवर ते गुदरले तिलाच हा विषय सुचला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झाले. तिथून बायका शिकून परिचारिका आणि सुईणी झाल्या, तेव्हा स्वच्छ हात आणि उकळलेली कात्री घरोघर पोहोचू लागली. पोटपट्टा मात्र जुन्या सुईणीबरोबर गेला नाही, नव्या परिचारिकेनेही तो बांधलाच. साहेबाच्या देशातही त्या काळी बाळंतिणीला दहा-दहा दिवस निजवून पोट आवळीत असत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तिकडच्या इस्पितळांतून बाळंतिणींना लवकर उठवू लागले. निजून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात हे ध्यानात आले होते.

आता पोट मोठे का राहते ते सांगते. मूल झाल्याबरोबर गर्भाशय सुमारे एक किलो वजनाचे असते आणि बेंबीपर्यंत लागते. रोज बोटभर खाली जात जात दोन आठवड्यांत ते ओटीपोटाच्या हाडाआड जाते, आणि सहा आठवड्यांत साठ ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे आजीचा सव्वा महिना आणि डॉक्टरांचे सहा आठवडे जवळ जवळ एकच! हे आकसण्याचे काम पट्टा करीत नाही, मूल करते. मूल पिऊ लागले की आईच्या डोक्यातील पिट्युटरी ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचा रस सुटतो. त्याने दूध उतरते आणि गर्भाशयही आवळते. पाजताना पोटात कळ येते ती हीच, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती अधिक येते. या ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आवळते हे हेन्री डेल यांनी १९०६ साली दाखविले, आणि १९५३ साली अमेरिकेतील द्यू व्हिन्यो यांनी तो रस प्रयोगशाळेत तयार केला. १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दूध पाजणाऱ्या बाईला ठाऊक असलेली कळ, तिचे नाव कळायला एवढी वर्षे लागली.

गर्भाशय आत गेले तरी पोट उरते. पोटाचे उभे स्नायू मध्ये फाकलेले असतात, आणि दुधासाठी म्हणून अंगाने चरबी साठविलेली असते. पट्ट्याने कंबरेला आधार मिळतो, उठताबसताना बरे वाटते. चरबी त्याने वितळत नाही. फार करकचून बांधला तर सारा भार खाली ओटीपोटावर येतो, तो वाईट.

मग आजीचे पोट कसे उतरले? आईला विचारले तर ती म्हणाली, "जात्यानं." चाळीस दिवस झाले की आजी पहाटे जात्यावर बसे, मग विहिरीचे पाणी शेंदणे, मग सारवण. डिंकाचा लाडू तिला सात बाळंतपणांतच मिळाला, एरवी वर्षभर तूप तिच्या ताटात पडत नसे. गावात गिरणी आली, घरात नळ आला, तूप रोजचे झाले, आणि लाडू मात्र होते तेवढेच राहिले. पोटाचा खरा इतिहास एवढाच आहे असे मला वाटते. शेतावर राबणाऱ्या बायका तर बाराव्या दिवशी कामाला जात. त्यांचे पोट सपाट होते म्हणून कौतुक करणाऱ्या पुष्कळ आहेत. पण जड ओझी उचलून त्यांतल्या कितीकींचे अंग बाहेर येई आणि त्या जन्मभर ते सांगत नसत, हे आजीनेच मला सांगितले.

माझे स्वतःचे लिहावे की नाही असा विचार केला, पण लिहिते. मुलगी तीन महिन्यांची असताना एका लग्नात एका बाईंनी चारचौघींत विचारले, "पुन्हा काही आहे का?" मी घरी येऊन रडले आणि दुसऱ्या दिवसापासून एक वेळ जेवू लागले. रात्री नुसता कोरा चहा, आणि पट्टा इतका आवळलेला की वाकता येईना. पोट थोडे कमी झाले. पंधरा दिवसांनी मुलीला वजनाला नेले तर तिचे वजन तिळभर वाढले नव्हते. ती रडते ती दातांनी, असे आम्ही म्हणत होतो. ती भुकेने रडत होती! परिचारिकाबाईंनी मला विचारले, "काल काय काय खाल्लंत?" मला सांगता येईना. दोन वेळची भाकरी, वरण, दूध सुरू केले, मुलीला दर दोन तासांनी घेतले, तेव्हा आठवड्याभरात दूध पुन्हा भरले.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितले आहे की पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात, पुढचे सहा महिने ५२०. दोन भाकऱ्या, वाटीभर वरण आणि पेलाभर दूध यांत ते होतात. मोठ्या डिंकाच्या लाडवात एकट्यात दोनशेच्या आसपास असतात, तेव्हा रोज चार लाडू खाऊन पोट का जात नाही म्हणू नये. २००० साली अमेरिकेत अंगाने जाड अशा पाजणाऱ्या आयांवर एक प्रयोग झाला. मूल महिन्याचे झाल्यावर त्यांनी बेताने जेवण कमी केले व व्यायाम केला. त्यांचे वजन आठवड्याला सुमारे अर्धा किलो उतरले आणि मुलांच्या वाढीत काही उणे आले नाही. यापेक्षा घाई मी केली होती.

२०२३ साली लेक बाळंत झाली, पोट चिरून. आईने लाडू वळले, मी दिवसाला एकच दिला, त्यावरून आमचे दोन दिवस बोलणे नव्हते. लेकीने मोबाईलवर पोट उतरविणारा चहा पाहून ठेवला होता, तो मी घेऊ दिला नाही, मग तिचेही बोलणे नव्हते. डॉक्टरीणबाईंनी तिला दुसऱ्या दिवशी चालविले. सहा आठवडे जड उचलायचे नाही, फक्त खोल श्वास, ओटीपोट आत ओढून धरणे आणि चालणे. मग उताणे निजवून, गुडघे दुमडून, डोके उचलायला सांगून बेंबीपाशी बोटे घातली. तीन बोटांची फट होती. त्यासाठी निराळा व्यायाम दाखविला आणि उठाबशा वर्ज्य केल्या. सहाव्या महिन्यात फट दीड बोटावर आली.

पोट थोडे आहेच. नातू दीड वर्ष अंगावर प्यायला. आजीचा पट्टा आईने पेटीत जपून ठेवला होता. लेकीचा इलॅस्टिकचा पट्टा आम्ही गोधड्या बांधायला घेतला आहे.