नाइट बीट (श्रुतिकामालिका)

'नाइट बीट' ही अमेरिकेतील एनबीसी नभोवाणीवरून ६ फेब्रुवारी १९५० पासून १९५२ पर्यंत प्रसारित झालेली, अर्ध्या तासाच्या भागांची रहस्यप्रधान श्रुतिकामालिका होय. 'शिकागो स्टार' या काल्पनिक दैनिकाचा रात्रपाळीचा बातमीदार रँडी स्टोन हा तिचा नायक. १९४९ च्या चाचणी भागात नायकाचे काम एडमंड ओब्रायन यांनी केले होते; मालिकेत मात्र फ्रँक लव्हजॉय यांचा आवाज ऐकू येतो. त्यांच्या पत्नी जोन बँक्स यांनीही काही भागांत भूमिका केल्या.

कथा स्टोनच्याच निवेदनातून उलगडते. बातमीच्या शोधात तो रात्री शिकागोभर हिंडतो आणि एकाकी, भेदरलेल्या, परिस्थितीने नाडलेल्या माणसांशी त्याची गाठ पडते. तो पोलीस नव्हे, खासगी गुप्तहेरही नव्हे. त्यामुळे गुन्हा कोणी केला यापेक्षा माणूस त्या थराला का गेला, हा प्रश्न त्याला अधिक सतावतो. काही भागांत तर गुन्हा दुय्यमच ठरतो; म्हणून या मालिकेला निव्वळ रहस्यमालिका म्हणणे अपुरे वाटते.

शेवटी स्टोन बातमी टंकलिखित करतो आणि ती नेण्यासाठी कॉपी बॉयला, म्हणजे कार्यालयात मजकुराची ने-आण करणाऱ्या पोऱ्याला, हाक मारतो. अनेक भागांची ध्वनिमुद्रणे आजही ऐकावयास मिळतात.