इमोजी टाकला आणि पुढचा मजकूरच गायब! असं का होतं?

एखाद्या वेबसाइटवर तुम्ही मोठी कमेंट लिहिता, मध्येच एक हसरा इमोजी टाकता आणि सबमिट करता. कमेंट दिसते, पण इमोजीच्या आधीपर्यंतच. पुढचं सगळं गायब! यात चूक तुमच्या फोनची नसते. कारण बहुतेकदा वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये असतं.

गोंधळ नेमका कुठे?

मायएसक्यूएल ही जगभर वापरली जाणारी रिलेशनल डेटाबेस सिस्टीम. ती माहिती रांगा आणि रकान्यांच्या टेबलमध्ये साठवते. मजकूर साठवण्यासाठी यूटीएफ-८ ही पद्धत सर्रास वापरली जाते. त्यात प्रत्येक चिन्हाला १ ते ४ बाइट लागतात. इंग्रजी अक्षराला १, देवनागरी चिन्हाला ३. 'मराठी' या शब्दात काना आणि वेलांटी धरून ५ चिन्हं आहेत, म्हणजे १५ बाइट. बहुतेक इमोजींना मात्र ४ बाइट लागतात.

मायएसक्यूएलच्या 'यूटीएफ८' या पर्यायात एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइटच मिळायचे. नाव पूर्ण, काम अपुरं! मराठी मजकूर त्यात व्यवस्थित बसायचा, म्हणून ही उणीव लवकर लक्षात यायची नाही. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीच्या अक्षरांनाही ४ बाइट लागतात. त्यामुळे तीही यात बसत नाही.

मजकूर का कापला जातो?

'स्ट्रिक्ट मोड' सुरू असेल तर डेटाबेस एरर देतो आणि काहीच साठवत नाही. तो बंद असेल तर न बसणाऱ्या चिन्हापाशी मजकूर तोडतो आणि फक्त वॉर्निंग देतो. ती वॉर्निंग वाचकाला दिसत नाही.

उपाय काय?

२०१० मध्ये ४ बाइट सामावणारा 'यूटीएफ८एमबी४' हा पर्याय आला. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून तोच डिफॉल्ट आहे. पण आवृत्ती बदलली म्हणून जुनी टेबल्स आपोआप बदलत नाहीत. वेबसाइट चालवणाऱ्यांनी आधी बॅकअप घ्यावा. मग टेबल आणि डेटाबेसशी होणारं कनेक्शन, दोन्हीकडे 'यूटीएफ८एमबी४' ठेवावं.

मात्र आधी कापला गेलेला मजकूर यामुळे परत येत नाही, कारण तो कधी साठवलाच गेला नव्हता.