मापातली माया

लुगड्याला माप नसते. नऊ वार कापड. नेसणारी किडकिडीत असो वा थोराड. चोळीला माप लागे, पण आमच्या केजकडचा शिंपी शिवणीत माया ठेवायचा. अंग भरले की टाके उसवले, चोळी सैल! बदलायची ती चोळी, बाई नव्हे.

तयार कपड्यांनी हे उलटे केले. १९३९-४० साली अमेरिकेच्या कृषी खात्याने (होय, कृषी खात्याने!) सुमारे १५,००० स्त्रिया मोजल्या, हिशेबात फक्त गोऱ्या धरल्या. त्यावरून १९५८ मध्ये तिथली प्रमाण मापे ठरली. भारतीयांचे मोजमाप ‘निफ्ट’ने हाती घेतले २०१८ नंतर, तेही ६ शहरांत. आपल्या दुकानांत मापे आली ती परदेशी तक्त्यांवरून. ‘मीडियम’च्या बाहीत दंड अडकला की पोरगी रात्रीची भाकरी सोडते. आई कुर्ता शिंप्याकडे नेते. तो शिवण उलटून पाहतो. आत माया नसते.