शीव, नकाशा आणि वहिवाट

आपली मुले इथल्या शाळेत अठराव्या शतकातील उत्तर अमेरिकेचे नकाशे रंगवतात: फ्रान्स निळा, इंग्लंड लाल, स्पेन पिवळा. ते रंग म्हणजे प्रत्यक्ष ताबा नव्हे, तर दाव्याचे कागद होत, असे आम्हांला त्यांना सांगावेसे वाटते.

१७१८ साली पॅरिसच्या गियोम दलीलने लुइझियानाचा नकाशा छापला. त्यात इंग्रजांच्या वसाहती ॲपलेशियन डोंगर आणि समुद्र यांमधील पट्टीत कोंबलेल्या होत्या. कॅरोलायना हे नावसुद्धा फ्रेंच राजा नवव्या चार्ल्सचे, अशी टीप होती. लंडनच्या हर्मन मॉलने १७२० मध्ये नकाशानेच प्रत्युत्तर दिले. १७५५ साली जॉन मिचेलने तर इंग्रज वसाहतींच्या सीमा सरळ मिसिसिपीपलीकडे ओढल्या. इरोक्वा राष्ट्रांचे जुने विजयही त्याने नकाशावर नोंदवले, पण त्यांच्या गौरवासाठी नव्हे. १७१३ च्या उत्रेख्त तहाने ती राष्ट्रे ब्रिटनच्या अधीन ठरली होती. तेव्हा त्यांनी जिंकले ते ब्रिटनचे, हा हिशेब!

मूलनिवाशांना नकाशे येत नव्हते असे नाही. १७२१ च्या सुमारास साउथ कॅरोलायनाच्या गव्हर्नराला हरणाच्या कातड्यावरचा एक नकाशा भेट मिळाला. त्यात राष्ट्रांची वर्तुळे आहेत, त्यांना जोडणाऱ्या वाटा आहेत, आणि चार्ल्सटन शहर एका कडेला आहे.

१७८३ च्या पॅरिस तहात मात्र मिचेलचाच नकाशा वापरला गेला. लेक ऑफ द वूड्सपासून थेट पश्चिमेला जाऊन मिसिसिपीला मिळणारी सीमा ठरली. नदीचा उगम त्याच्या बराच दक्षिणेला असल्याने ती मिळणे अशक्यच होते. तिथल्या ओजिब्वे आणि डकोटा लोकांना कोणी विचारले नाही. पुढे १८३२ मध्ये हेन्री स्कूलक्राफ्टला उगमापर्यंत नेले ते ओझाविंदिब या ओजिब्वे वाटाड्यानेच. आपल्याकडे शिवेचा तंटा उठला की महाराची साक्ष प्रमाण मानीत, कारण शीव त्याच्या पायांना पाठ असे. जमीन मात्र इतरांची.

१८२३ साली जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश खटल्यात सरन्यायाधीश मार्शल यांनी निर्णय दिला: मालकी ‘शोध’ लावणाऱ्या युरोपीय राष्ट्राची आणि त्याच्या वारसाची, मूलनिवाशांना केवळ वहिवाट. या दोन शब्दांतील अंतर वतनाच्या तुकड्यावर राबलेल्या घरांना समजावून सांगावे लागत नाही. २००५ साली ओनायडा राष्ट्राविरुद्ध गेलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या तळटीपेत तोच सिद्धांत पुन्हा आला. ओनायडा हे इरोक्वांपैकीच एक राष्ट्र.