वॉल्कट, डेरेक

(२३ जानेवारी १९३० – १७ मार्च २०१७). इंग्रजीत लेखन करणारा कॅरिबियन कवी, नाटककार व नाट्यलेखनाचा अध्यापक. साहित्याच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी (१९९२). जन्म सेंट लुसिया बेटावरील कॅस्ट्रीझ येथे. तो वर्षाचा असतानाच वडील वारले. शिक्षिका असलेल्या आईने त्याला व त्याचा जुळा भाऊ रॉडरिक याला वाढविले. फ्रेंच क्रिओल बोलणाऱ्या कॅथलिक समाजात हे मिश्रवंशीय मेथडिस्ट कुटुंब अल्पसंख्य होते. दोन भाषा आणि दोन वंशपरंपरा यांतील ताण हा पुढे त्याच्या साहित्याचा मुख्य विषय झाला.

हैतीच्या राज्यक्रांतीवरील आंरी क्रिस्तॉफ हे त्याचे आरंभीचे नाटक १९५० मध्ये रंगभूमीवर आले. जमेका येथील वेस्ट इंडीज विद्यापीठीय महाविद्यालयातून १९५३ मध्ये पदवी घेतल्यावर तो त्रिनिदादला गेला. रॉकफेलर छात्रवृत्ती मिळवून न्यूयॉर्कमध्ये नाट्यविषयक अभ्यास केल्यानंतर १९५९ मध्ये त्याने पोर्ट ऑफ स्पेन येथे ‘त्रिनिदाद थिएटर वर्कशॉप’ ही संस्था उभारली. हौशी नटांना शिस्तबद्ध शिक्षण देऊन त्याने कॅरिबियन बोली, लोककथा, नृत्य व संगीत यांवर आधारलेली रंगभूमी घडविली. टी-जीन अँड हिज ब्रदर्स (१९५८) व ड्रीम ऑन मंकी माउंटन (१९६७) ही त्याची प्रसिद्ध नाटके. दुसऱ्या नाटकातील मकाक हा कोळसे पाडणारा वृद्ध स्वप्नात आफ्रिकेचा राजा होतो आणि त्याला भुलविणाऱ्या गौरवर्णी स्त्रीचा शिरच्छेद करून स्वतःच्या खऱ्या नावाकडे परततो. या नाटकास १९७१ मध्ये ओबी पारितोषिक लाभले. १९७६ मध्ये वॉल्कट संस्थेतून बाहेर पडला.

१९८१ पासून त्याने अमेरिकेतील बॉस्टन विद्यापीठात अध्यापन केले व त्याच वर्षी ‘बॉस्टन प्लेराइट्स थिएटर’ स्थापन केले. नवोदितांच्या संहितांना तेथे प्रत्यक्ष प्रयोगाची संधी मिळे. मात्र याच अध्यापकीय कारकीर्दीला गंभीर आरोपांचे गालबोट लागले. १९८२ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठात तो अभ्यागत अध्यापक असताना एका विद्यार्थिनीने, त्याची लैंगिक मागणी नाकारल्यामुळे आपल्याला कमी श्रेणी मिळाली, अशी तक्रार केली. विद्यापीठाने त्याला समज दिली व तिची श्रेणी बदलली. १९९६ मध्ये बॉस्टन विद्यापीठातील नाट्यलेखनाच्या एका विद्यार्थिनीने लैंगिक छळाचा दावा लावला. तो न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटला.

२००९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या काव्य-प्राध्यापकपदासाठी वॉल्कट उमेदवार असताना या आरोपांचा तपशील असलेली निनावी पाकिटे तेथील अध्यापकांना पाठविण्यात आली. या प्रचाराचा निषेध करून त्याने माघार घेतली. निवडून आलेली ब्रिटिश कवयित्री रूथ पॅडेल ही त्या पदावरील पहिली स्त्री होती. तथापि तिने पत्रकारांना या आरोपांविषयी कळविले होते, असे उघड झाल्यावर नऊ दिवसांतच तिने राजीनामा दिला. निनावी पाकिटांशी आपला संबंध नसल्याचे तिने सांगितले. या वादात मार्गाच्या गैरपणाचीच चर्चा अधिक झाली आणि विद्यार्थिनींच्या तक्रारींचा मूळ प्रश्न मागे पडला.

यानंतरही त्याची प्रतिष्ठा टिकून राहिली. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात तो काव्याचा प्राध्यापक झाला व व्हाइट इग्रेट्स (२०१०) या काव्यसंग्रहास टी. एस. एलियट पारितोषिक मिळाले. सेंट लुसिया येथेच तो निधन पावला.

ओमेरॉस (१९९०) या दीर्घकाव्यामुळे कवी म्हणून त्याची कीर्ती मोठी असली, तरी कॅरिबियन रंगभूमीला स्वतःची भाषा व प्रशिक्षित नटवर्ग मिळवून देणे, हे त्याचे कार्य तितकेच मोलाचे आहे. नवोदितांना रंगमंच मिळवून देण्याचे सामर्थ्य हे त्याच्या कर्तृत्वाचे साधन होते. त्याच सामर्थ्याच्या गैरवापराचा आरोप त्याच्यावर झाला. त्यामुळे त्याच्या कारकीर्दीचे मूल्यमापन करताना वाङ्‌मयीन श्रेष्ठतेने अध्यापकीय उत्तरदायित्व झाकले जात नाही, हे ध्यानात घ्यावे लागते.