ख्रिस्ती कादंबरी : उपदेश आणि रंजन

मराठींतील पहिली कादंबरी कोणती असें विचारलें, तर बहुतेक अभ्यासक 'यमुनापर्यटन' हें नांव सांगतात. बाबा पद्मनजी यांनीं ती १८५७ सालीं प्रसिद्ध केली. त्यापूर्वीं तीनच वर्षें त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती. पतीबरोबर गांवोगांव हिंडणारी यमुना ठिकठिकाणच्या विधवांचीं दुःखें पाहते, पुढें तिच्यावरहि तोच प्रसंग ओढवतो, आणि अखेर ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते, असें तिचें कथानक आहे. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हां जेमतेम एक वर्ष झालें होतें. म्हणजे मराठी कादंबरीचा जन्मच मुळीं धर्मप्रचाराच्या मांडीवर झाला. परंतु आज ती वाचली जाते ती तिच्यांतील उपदेशासाठीं नव्हे. त्या काळच्या स्त्रियांच्या हकिकती तींत उतरल्या आहेत म्हणून. कथेंतील कोणता अंश टिकतो आणि कोणता विरून जातो, हा प्रश्न केवळ या एका पुस्तकापुरता नाहीं. ख्रिस्ती कादंबरी या सबंध वाङ्मयप्रकाराचा इतिहास याच प्रश्नाभोंवतीं फिरत आला आहे; आणि त्याचें मोठें नाट्य अमेरिकेंत घडलें आहे.

या परंपरेचा मूळ पुरुष मात्र इंग्लंडांतला. जॉन बन्यन हा बेडफर्डचा तांबटकाम करणारा गरीब मनुष्य. परवान्यावांचून प्रवचन केल्याबद्दल त्यानें सुमारें बारा वर्षें तुरुंगांत काढलीं. त्याच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चा पहिला भाग १६७८ सालीं निघाला. हरि केशवजी यांनीं १८४१ सालीं 'यात्रिकक्रमण' या नांवानें तो मराठींत आणला. धर्माच्या गंभीर गोष्टी कल्पित कथेच्या रूपानें सांगाव्या कीं नाहीं, याविषयीं बन्यनच्या मित्रमंडळींतच एकमत नव्हतें. त्या काळच्या कर्मठ प्रॉटेस्टंट घरांत कल्पित कथा म्हणजे गोड शब्दांत सांगितलेलें असत्य, अशी समजूत होती. पुढें अमेरिकेंतहि ती दीर्घकाळ टिकली. तरुण मुलींनीं कादंबऱ्या वाचल्यानें मन चळतें आणि घरकामांतून लक्ष उडतें, असें तेथील उपदेशक सांगत. आपल्याकडेहि एके काळीं वडीलधाऱ्यांच्या तोंडीं हीच भाषा होती, हें जाणत्या वाचकांस आठवेल.

ही भिंत फोडली ती एका पाद्र्याच्या मुलीनें. हॅरिएट बीचर स्टो हिची 'अंकल टॉम्स केबिन' १८५२ सालीं पुस्तकरूपानें निघाली आणि एका वर्षांत अमेरिकेंत तिच्या तीन लाख प्रती खपल्या. गुलामगिरीचें पाप डोळ्यांपुढें उभें करणारी ही गोष्ट ज्या घरांत कादंबरीला मज्जाव होता त्या घरांतहि शिरली. त्यानंतर १८८० सालीं ल्यू वॉलेस या सेनानीची 'बेन-हर' आली. त्या पुस्तकाची जन्मकथा मोठी मौजेची आहे. १८७६ सालीं आगगाडींत वॉलेसची गांठ रॉबर्ट इंगरसॉल या नामांकित नास्तिक वक्त्याशीं पडली. देव आहे कीं नाहीं, ख्रिस्त कोण होता, अशा विषयांवर इंगरसॉल बोलत राहिला, आणि आपणांस स्वतःच्या धर्माविषयीं कांहींच माहिती नाहीं या जाणिवेनें वॉलेस खजील झाला. त्या अभ्यासांतून हें पुस्तक पुरें झालें. एका नास्तिकाच्या भाषणानें जगांतील एका अतिशय लोकप्रिय ख्रिस्ती कादंबरीला चालना द्यावी, हा योग विलक्षणच होय.

तथापि या प्रकाराचें बळ आणि त्याची उणीव हीं दोन्ही एकाच ठिकाणीं पाहावयाचीं असतील, तर कॅन्सस संस्थानांतील टोपेका या गांवीं जावें लागेल. तेथील पाद्री चार्ल्स शेल्डन याच्या रविवारच्या सायंउपासनेस लोक फारसे येत नसत. त्यानें युक्ति काढली. प्रवचनाऐवजीं तो एक गोष्ट सांगूं लागला. दर रविवारीं एक प्रकरण वाचावयाचें आणि अशा ठिकाणीं थांबावयाचें कीं पुढें काय होतें या उत्कंठेनें श्रोता पुढच्या रविवारीं हजर झालाच पाहिजे. पाहतां पाहतां देऊळ भरूं लागलें. त्यांतलीच एक गोष्ट 'इन हिज स्टेप्स' ही होय. १८९६ सालीं शिकागोच्या एका साप्ताहिकांत ती क्रमशः येऊं लागली. एका गांवांतील कांहीं प्रतिष्ठित मंडळी वर्षभर अशी शपथ घेतात कीं, प्रत्येक कृतीपूर्वीं आपल्या जागीं ख्रिस्त असता तर त्यानें काय केलें असतें हें मनाला विचारावयाचें. कोणी वर्तमानपत्राचा संपादक, कोणी गायिका, कोणी व्यापारी; प्रत्येकाची परीक्षा निराळी. साप्ताहिकानें स्वामित्वहक्काची नोंद नियमाप्रमाणें केली नव्हती. त्यामुळें वाटेल त्या प्रकाशकानें पुस्तक छापलें. तें जगभर गेलें, आणि त्या अफाट खपाच्या मानानें लेखकाच्या हातीं फार थोडें लागलें. कलेच्या दृष्टीनें त्यांतील पात्रें कृत्रिम वाटतात, हें खरें. परंतु तो एक प्रश्न इतका साधा आणि इतका अडचणीचा होता कीं शंभर वर्षांनंतर, १९९० नंतरच्या दशकांत, अमेरिकन तरुणांनीं त्याचीं आद्याक्षरें मनगटावरच्या पट्ट्यांवर मिरविलीं. पात्रें विसरलीं गेलीं. प्रश्न मात्र राहिला.

विसाव्या शतकांत या प्रवाहाला दोन फांटे फुटले. एका बाजूस श्रद्धाळू असूनहि सर्वसामान्य वाचकांसाठीं लिहिणारे कलावंत होते. ग्रॅहॅम ग्रीन याच्या १९४० मधील 'द पॉवर अँड द ग्लोरी' या कादंबरीचा नायक मेक्सिकोंतील एक दारुडा, भित्रा आणि व्रतभ्रष्ट पाद्री आहे. सरकार धर्मगुरूंच्या मागें हात धुऊन लागलें असतां हाच नालायक मनुष्य मरणाऱ्याला अखेरचा संस्कार देण्यासाठीं सुखरूपपणा सोडून परत फिरतो. १९५३ सालीं रोमच्या धर्मपीठानें या पुस्तकावर आक्षेप घेतला. आज तीच कादंबरी त्या शतकांतील श्रेष्ठ ख्रिस्ती कादंबऱ्यांत गणली जाते. दुसऱ्या बाजूस घरांत निर्धास्तपणें ठेवतां येतील अशा गोष्टींची मागणी वाढत होती. १९५० सालीं अमेरिकेंतील ख्रिस्ती पुस्तकविक्रेत्यांची संघटना स्थापन झाली, आणि हळूहळू या दुकानांसाठीं निराळें वाङ्मयच तयार होऊं लागलें. त्यांत शिवीगाळ नको, शृंगाराचें उघडें वर्णन नको, मद्यपानाचें कौतुक नको, आणि शेवटीं श्रद्धेचा विजय व्हावा, असे संकेत रूढ झाले.

या बंधनांची थट्टा करणें सोपें आहे. पण त्यांच्यामागें जो वाचक होता तो थट्टेचा विषय नव्हता. जॅनेट ओक ही कॅनडांतील अल्बर्टा प्रांताच्या माळरानावर वाढलेली गृहिणी. वयाच्या चाळिशीनंतर तिनें 'लव्ह कम्स सॉफ्टली' ही पहिली कादंबरी लिहिली. १९७९ सालीं ती मिनेसोटांतील बेथनी हाउस या प्रकाशनानें काढली. मार्टी ही तरुण गर्भवती बाई पश्चिमेकडील वसाहतींत येतांच विधवा होते. हिवाळा तोंडावर आलेला, परतीची वाट बंद. क्लार्क नांवाचा एक विधुर शेतकरी तिला सांगतो कीं माझ्या पोरक्या मुलीला आई हवी. नांवापुरतें लग्न करूं, वसंत ऋतूंत तुला जावेसें वाटलें तर जा. बाकीच्या गोष्टींत मोठें संकट नाहीं, खलपुरुष नाहीं. करपलेली भाकरी, हट्टी मूल, बर्फ, आणि दोन दुःखी माणसांचा हळूहळू वाढणारा विश्वास, एवढेंच आहे. या छोट्या पुस्तकानें ख्रिस्ती कादंबरीला खरी बाजारपेठ मिळवून दिली. दिवसभराच्या कामानंतर ज्या बाईला ओशाळें न होतां चार पानें वाचावयाचीं होतीं, तिला तिच्या घरासारखें घर पुस्तकांत सांपडलें.

त्यानंतरच्या यशानें मात्र निराळें वळण घेतलें. १९८६ सालीं फ्रँक पेरेटी याची 'धिस प्रेझेंट डार्कनेस' ही कादंबरी आली. एका लहानशा गांवावर देवदूत आणि पिशाच्चें यांचें युद्ध त्यानें रंगविलें. १९९५ पासून टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांची जगाच्या अंतावरील 'लेफ्ट बिहाइंड' ही मालिका निघाली. सोळा भाग आणि सहा कोटींहून अधिक प्रती हा तिचा विस्तार होय. उत्कंठा भरपूर होती. परंतु कोण तरणार आणि कोण बुडणार हें आधींच ठरलें असल्यामुळें मनुष्यस्वभावाला तींत वाव थोडा राहिला. याच सुमारास फ्रॅन्सीन रिव्हर्स हिनें उलट दिशेनें धाडस केलें. पूर्वीं ती सर्वसाधारण शृंगारकथा लिहीत असे. धर्मपरिवर्तनानंतर तिनें 'रिडीमिंग लव्ह' लिहिली. पवित्र शास्त्रांतील होशेय संदेष्टा आणि त्याची व्यभिचारी पत्नी यांची कथा तिनें कॅलिफोर्नियांतील सोन्याच्या खाणींच्या काळांत नेली. नायिका लहानपणींच वेश्यागृहांत विकलेली. १९९१ सालीं हें पुस्तक सर्वसामान्य प्रकाशकाकडून निघालें. ख्रिस्ती प्रकाशकानें तें, कांहीं फेरफारांसह, १९९७ सालीं पुन्हां काढलें. विषय संकेतांत न बसणारा. पण या वाङ्मयाच्या वाचकांनीं उचलून धरलेलीं जीं पुस्तकें, त्यांत तें फार वर अाहे.

संकेत आणि वाचक यांच्यांत किती अंतर पडूं शकतें, याचें ठळक उदाहरण 'द शॅक' हें होय. विल्यम पॉल यंग यानें ही गोष्ट आपल्या सहा मुलांसाठीं लिहिली आणि नाताळच्या भेटीकरितां दुकानांतून तिच्या अवघ्या पंधरा प्रती काढून घेतल्या. लहान मुलीचा खून झालेला एक बाप त्याच ओसाड झोंपडींत जातो आणि तेथें त्याला देव एका काळ्या स्त्रीच्या रूपांत भेटतो. ख्रिस्ती प्रकाशकांना ती फार धीट वाटली, इतरांना फार धार्मिक. शेवटीं १९ व्या शतकांतल्या पत्रिकांप्रमाणें मित्रांनींच ती २००७ सालीं छापली. जाहिरातीचा खर्च सुमारें तीनशें डॉलर. पुढल्याच वर्षीं ती देशांतील सर्वाधिक खपाच्या यादींत अग्रभागीं गेली. धर्मपंडितांनीं तिच्यांतील सिद्धांतांवर कडक टीका केली, आणि ती टीका निराधार नव्हती. परंतु अपत्यशोकानें होरपळलेल्या कित्येक वाचकांना त्या पुस्तकांत रडावयास जागा मिळाली, हेंहि तितकेंच खरें.

आणि दुसऱ्या टोकास मॅरिलिन रॉबिन्सन हिची २००४ मधील 'गिलियड' उभी आहे. काळ १९५६ चा, स्थळ आयोवांतील एक झोंपाळू गांव. शहात्तर वर्षांचा, हृदयविकारानें थकलेला पाद्री जॉन एम्स आपल्या जेमतेम सात वर्षांच्या मुलाला दीर्घ पत्र लिहीत आहे. मुलगा मोठा होईल तेव्हां आपण नसूं हें तो जाणतो. उपदेशकाचीच ही कथा, पण तींत उपदेशाचा दर्प नाहीं. उलट ज्याला क्षमा करावी असा एक मनुष्य समोर असतां क्षमा करणें त्या वृद्धाला किती जड जातें, हें त्यानें लपविलेलें नाहीं. या कादंबरीस २००५ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. श्रद्धेची कादंबरी आणि कलेची कादंबरी यांचे फांटे पुन्हां एकत्र येऊं शकतात, याचा हा दाखला होय.

आज वाचकाची अडचण मात्र वाढली आहे. अमेरिकेंत २०१७ सालीं ख्रिस्ती पुस्तकांच्या एका मोठ्या दुकानमालिकेनें आपलीं सुमारें २४० दुकानें बंद केलीं. २०१९ सालीं दुसरीनें १७० दुकानांना टाळें लावण्याचें जाहीर केलें. गिऱ्हाइकाची आवड ओळखून पुस्तक पुढें करणारा विक्रेता त्यांच्याबरोबर गेला. मार्गदर्शनास कांहीं साधनें उरलीं आहेत. कॅथरिन मार्शल हिच्या १९६७ मधील 'क्रिस्टी' या कादंबरीच्या नांवानें २००० सालापासून उत्तम ख्रिस्ती कादंबऱ्यांना पारितोषिकें देण्यांत येत आहेत. टेनेसीच्या डोंगरांत शिकवावयास गेलेल्या आपल्या आईच्या अनुभवांवरून मार्शलनें ती लिहिली होती, आणि आजहि नव्या वाचकानें आरंभ करावा अशीच ती आहे.

परंतु पारितोषिकापेक्षांहि खरी कसोटी इतिहासानेंच हातीं दिली आहे. ज्या लेखकानें उत्तर आधीं ठरविलें आणि माणसें मागाहून जमविलीं, त्याचें पुस्तक काळाबरोबर गेलें. ज्यानें माणसाचें दुःख, भीति आणि दुबळेपणा प्रामाणिकपणें पाहिला, त्याचें पुस्तक श्रद्धाळूंनीं वाचलें आणि अश्रद्धांनींहि. यमुनेनें वाटेंत पाहिलेल्या विधवा आजहि वाचकाशीं बोलतात. ग्रीनचा दारुडा पाद्री आजहि खेंचराच्या पाठीवरून परत फिरतो. आणि गिलियडचा म्हातारा मुलासाठीं आणखी एक पान लिहितो. पुस्तक निवडतांना त्यांत धर्म किती आहे हें पाहण्याआधीं त्यांत माणूस किती आहे हें पाहावें. माणूस सांपडला म्हणजे कृपेचा अर्थ शोधण्यास वाचकाला फार दूर जावें लागत नाहीं.