व्यवसाय विश्लेषक

व्यवसाय विश्लेषक (बिझनेस अ‍ॅनालिस्ट) : एखाद्या संस्थेचे काम प्रत्यक्षात कसे चालते, कुठे अडते आणि त्यात काय बदलायला हवे, हे शोधून ते लिहून देणारा व्यावसायिक. त्याचे लिखाण प्रणाली बांधणाऱ्याला आणि ती वापरणाऱ्याला एकाच अर्थाने कळले पाहिजे. इथे व्यवसाय म्हणजे केवळ नफ्याचा धंदा नव्हे. बँक, रुग्णालय, बाजार समिती, तहसील कार्यालय, साखर कारखाना, अशा नियमांनी आणि कागदांनी चालणाऱ्या कोणत्याही कामाला हे विश्लेषण लागते.

संगणक कार्यालयांत शिरले तेव्हा हे काम ‘सिस्टिम अ‍ॅनालिस्ट’ करीत असे आणि त्याची नजर मुख्यतः यंत्राकडे असे. प्रकल्प मोठे झाले, प्रणाली मागणारा एकीकडे आणि बांधणारा शेकडो मैलांवर, अशी विभागणी झाली, तेव्हा दोघांमध्ये उभा राहणारा स्वतंत्र माणूस लागू लागला. या पेशाची आंतरराष्ट्रीय संस्था २००३ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे स्थापन झाली. ‘आयआयबीए’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. ‘बाबोक’ हा तिचा मार्गदर्शक ग्रंथ असून त्याची तिसरी आवृत्ती २०१५ मध्ये निघाली. महाराष्ट्रात या हुद्द्याच्या नोकऱ्या प्रामुख्याने पुणे, मुंबई आणि नागपूर येथे आहेत. कामाचा विषय मात्र गावोगाव पसरलेला आहे.

उदाहरण म्हणून आर्णी घेऊ. हे यवतमाळ जिल्ह्यातील अरुणावती नदीकाठचे तालुक्याचे ठिकाण. भोवतालची शेती कापूस, सोयाबीन आणि तुरीची, बहुतांशी पावसावर अवलंबून. हिंजवडीसारखा आयटीचा परिसर इथे नाही. पण गरजा नीट न समजता प्रणाली बांधली तर काय होते, याची महाराष्ट्रातली सर्वांत बोलकी उदाहरणे अशाच तालुक्यांतून मिळतात. २०१७ ची शेतकरी कर्जमाफी हे त्यांतले पहिले.

‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’ २४ जून २०१७ रोजी जाहीर झाली. थकबाकीदाराला दीड लाख रुपयांपर्यंत माफी होती आणि अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर करायचा होता. माफीचे माप खाते किंवा शेतकरी नव्हते, तर कुटुंब होते : पती, पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले. कागदावर हे एका ओळीत मावते. विश्लेषकाने मात्र त्या ओळीपाशी थांबायला हवे. शेती वडिलांच्या नावावर, पीककर्ज आईच्या नावे जिल्हा सहकारी बँकेत, दुसरे कर्ज थोरल्या मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत आणि चूल एकच, असे घर या भागात अपवादाने आढळणारे नाही. बँकेच्या नोंदींत कुटुंब नसते, खाते असते. मग कोणाचे कोण, हे ठरवायचे कोणत्या माहितीवरून? शिधापत्रिकेवरचे कुटुंब वेगळे, सातबाऱ्यावरचे वेगळे, योजनेतले तिसरेच. याचा भार शेवटी अर्जदारावर पडला. नवरा-बायको दोघांनी आधार घेऊन सेवा केंद्रावर जायचे, अंगठा द्यायचा, तो जुळला नाही किंवा सर्व्हर बसला तर परत यायचे. त्यात नियमही हलत होते. मूळ निर्णयात कर्जाचा काळ २०१२ पासून धरला होता, तो पुढे २००९ पर्यंत मागे नेण्यात आला. १८ ऑक्टोबर २०१७ ला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रे वाटण्यात आली. त्यानंतर बँकांकडे गेलेल्या याद्यांत एकच आधार क्रमांक अनेक खात्यांपुढे दिसत असल्याच्या तक्रारी आल्या आणि पैसे पोहोचणे लांबले.

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ‘महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजने’ची रचना वेगळी होती. मर्यादा दोन लाखांची झाली आणि कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकरी हा निकष आला. अर्ज काढून टाकला. कर्जखात्यांची माहिती बँकांनी भरायची, यादीत प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळायचा, शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन रक्कम बरोबर आहे का ते पाहून आधार प्रमाणीकरण करायचे आणि रक्कम पटली नाही तर तिथेच तक्रार नोंदवायची. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी लागली ती प्रत्येक जिल्ह्यातल्या निवडक दोन गावांची. दोन लाखांवर थकबाकी असलेले शेतकरी या योजनेबाहेर राहिले. ती तक्रार धोरणाची होती, प्रणालीची नव्हे, आणि हा फरक ओळखता येणे विश्लेषकाच्या कामाचा भाग आहे. दोन्ही शासन निर्णय शेजारी ठेवून वाचले, तर ‘जी माहिती आधीच कोणाकडे तरी आहे, ती नागरिकाकडून पुन्हा मागू नये’ हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही.

दुसरे उदाहरण ई-पीक पाहणीचे. पूर्वी तलाठी करीत असलेली पीकनोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर खातेदाराने स्वतः मोबाइलवर, शेतात उभे राहून, छायाचित्रासह करायची झाली. आर्णीकडे पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, काही तासांमागे (ओळींमागे) तुरीचे एक तास घालण्याची रीत आहे. गाव नमुना बारामध्ये मिश्र पिकाचे आणि निर्भेळ पिकाचे रकाने वेगळे आहेत. अशा शेताची नोंद नुसती ‘कापूस’ झाली, तर तूर सातबाऱ्यावर येत नाही आणि हमीभावाच्या खरेदी केंद्रावर तुरीची नोंदणी करताना शेतकरी अडतो. नवशिक्या विश्लेषक या गरजेबद्दल लिहील : ‘शेतकऱ्याला पीक नोंदवता आले पाहिजे.’ या वाक्यावरून काहीही बांधता येते. कसलेला विश्लेषक असे लिहील : ‘एकाच गटात एकाहून अधिक पिके असतील, तर खातेदाराला प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे भरता यावे. बेरीज गटाच्या लागवडीयोग्य क्षेत्रापेक्षा जास्त झाली, तर नोंद अडावी आणि का अडली ते मराठीत दिसावे. नेटवर्क नसल्यास नोंद मोबाइलमध्ये साठावी आणि नेटवर्क आल्यावर जावी.’ यातले प्रत्येक वाक्य तपासता येते. दोन एकरांच्या गटात अडीच एकर भरून पाहिले की प्रणालीने काय करायला हवे, ते आधीच ठरलेले असते.

या पेशातले सर्वांत अवघड कौशल्य ऐकण्याचे आहे, आणि त्याला पुस्तकांत मिळते त्याहून जास्त जागा मिळायला हवी. साहेब सांगतात ती नियमाची रीत असते. खिडकीवरचा लिपिक, मापारी, गटसचिव सांगतात ती चालू रीत. दोन्ही ऐकावी लागतात, शिवाय कोणी काहीच सांगत नसते ते शेजारी बसून बघावे लागते. आर्णी तालुक्यात हे ऐकणे वऱ्हाडीत होते, बंजारा तांड्यावर गोरमाटीत आणि कोलाम पोडावर (वस्तीवर) कोलामीत. प्रमाण मराठीतली प्रश्नावली वाटून तिथल्या गरजा हाती येत नाहीत.

ऐकलेले मग मांडायचे असते. कामाचा प्रवाह आकृतीत काढणे, नियम तक्त्यात बसवणे, आजची पद्धत आणि हवी असलेली पद्धत यांतली तफावत दाखवणे, ही त्याची साधने. कापूस खरेदीचा ओलाव्याचा नियम तक्त्याला चांगला जुळतो : भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला कपात नाही, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात, १२ च्या वर माल घेत नाहीत. तक्ता करायला बसले की पुढचे प्रश्न आपोआप येतात. गाडीतल्या एका थराचा ओलावा ११ आणि खालच्याचा १३ निघाला तर? नाकारलेली गाडी वाळवून परत आणली, तर नोंदणी पुन्हा करायची का? एक्सेल आणि आकडे पाहण्यापुरती ‘एसक्यूएल’ ही विचारणेची भाषा यायला हवी. प्रोग्रॅम लिहिता आलाच पाहिजे असे नाही.

जबाबदारीच्या सीमा इथे स्पष्ट असतात. काय करायचे आणि का, हे विश्लेषक मांडतो. कधी आणि किती खर्चात, ते प्रकल्प व्यवस्थापक पाहतो. कसे बांधायचे, ते अभियंते ठरवतात. धोरणाचा निर्णय विश्लेषकाचा नसतो. पण त्या निर्णयाने कोण वगळले जाणार, हे वेळेवर आणि लेखी सांगणे त्याचे कर्तव्य आहे. मधेच नियम बदलला, तर तो कोणत्या पडद्यावर, कोणत्या हिशेबावर आणि कोणत्या चाचणीवर परिणाम करतो, याचा माग ठेवणेही त्याच्याकडेच येते. प्रणाली तयार झाल्यावर खऱ्या वापरकर्त्यांकडून तिची स्वीकृती चाचणी करवून घेणे हे शेवटचे मोठे काम. ही चाचणी मंत्रालयातल्या वेगवान इंटरनेटवर उरकली, तर ती झाली असे म्हणता येत नाही.

शिक्षणाची एकच ठरलेली वाट नाही. वाणिज्य, कृषी, अभियांत्रिकी, ग्रामीण विकास, अशा कोणत्याही शाखेतून इथे येता येते. आर्णीच्या विद्यार्थ्याला पदवीसाठी संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतली महाविद्यालये आहेत आणि ‘स्वयम’ या ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम घरबसल्या मिळतात. आयआयबीएच्या परीक्षांपैकी ‘ईसीबीए’ अनुभवाशिवाय देता येते, तर ‘सीबीएपी’साठी ७,५०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. परीक्षा फी डॉलरमध्ये असल्याने पहिली नोकरी लागेपर्यंत थांबणे शहाणपणाचे. तोवर दाखवण्याजोगे काम गावातच उभे करता येते : एक परिचित काम निवडावे, पीककर्जाचे नूतनीकरण किंवा बाजार समितीतली आवक नोंद, चार-पाच संबंधितांशी बोलावे, आजचा प्रवाह काढावा, दहा-बारा तपासण्याजोग्या गरजा लिहाव्यात आणि तो मसुदा त्याच लोकांना वाचून दाखवून दुरुस्त करून घ्यावा. मुलाखतीला जाताना दोन्ही मसुदे सोबत न्यावेत, पहिला आणि दुरुस्त केलेला.